बॅबिलॉन ५ : कोणती प्रत, कोणता क्रम आणि पहिल्या सीझनमधलं काय गाळावं?

अर्धा_प्रकाशवर्ष

‘बॅबिलॉन ५’ ही नव्वदच्या दशकातली अमेरिकन अंतराळमालिका डीव्हीडीवर पाहायला घेतली आहे. संच रुंद पडद्याचा, म्हणजे १६:९ वाला. पहिल्या सीझनचे चार भाग झाले आणि चौथ्या ‘इन्फेक्शन’पाशी गाडी अडली. जाणकारांना चार प्रश्न :

१. माणसांची दृश्यं ठीक दिसतात, पण अवकाशस्थानक किंवा यानं आली की चित्र पुसट आणि दातेरी होतं. स्थानक वर-खाली कापल्यासारखंही वाटतं. दोष संचात आहे की टीव्हीच्या सेटिंगमध्ये?

२. पायलट, पाच सीझन आणि टीव्ही-चित्रपट कोणत्या क्रमाने पाहायचे? नेटवर दहा याद्या आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही.

३. पहिल्या सीझनमधलं काय गाळलं तर चालेल?

४. स्थानक स्वतःभोवती फिरून गुरुत्वाकर्षण निर्माण करतं, हे गणितात बसतं की नुसता देखावा?

कृपा करून पुढचं कथानक फोडू नका.

---

दातेरी_कडा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. टीव्ही निर्दोष आहे. दोष त्या १६:९ प्रतीत आहे आणि तो दुरुस्त होणारा नाही.

मालिकेचं चित्रण सुपर ३५ फिल्मवर झालं. माणसांची दृश्यं टिपताना चौकोनी आणि रुंद अशा दोन्ही चौकटी ध्यानात ठेवल्या होत्या, म्हणून नंतर फिल्मवरून रुंद प्रत काढता आली. संगणकीय दृश्यांची गोष्ट वेगळी. ती तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीसाठी ४:३ चौकटीत, ४८० ओळींच्या व्हिडिओत तयार झाली होती. डीव्हीडीसाठी १६:९ चित्र हवं होतं, तेव्हा या दृश्यांचा वरचा आणि खालचा भाग कापण्यात आला. ४:३ चं १६:९ करायचं तर उंचीतला बरोबर पाव भाग जातो. म्हणजे ४८० पैकी ३६० ओळी उरल्या, आणि तुमचा फुल एचडी टीव्ही त्या ३६० ओळी ताणून १०८० करतो. तिप्पट ताण. दातेरी दिसणार नाही तर काय!

त्यापेक्षा जास्त खुपते ती तिसरी गोष्ट. माणूस आणि संगणकीय चित्र एकाच चौकटीत असलं, उदाहरणार्थ पीपीजी बंदुकीची ठिणगी किंवा खिडकीबाहेरचं यान, तर ते मिश्रण व्हिडिओवर झालेलं आहे. त्यामुळे ती आख्खी चौकट, त्यातल्या माणसासकट, खालच्या दर्जाला येते. संवाद चालू असताना एका शॉटपुरता चेहरा मऊ होतो आणि पुढच्या शॉटला पुन्हा तरतरीत. एकदा कारण कळलं की डोळ्यांना सवय होते, पण १६:९ प्रतीत हा धक्का फार मोठा आहे.

उपाय एकच : २०२१ साली आलेली रिमास्टर्ड प्रत. ती ४:३ आहे. फिल्म नव्याने स्कॅन केली आहे आणि संगणकीय दृश्यं न कापता मोठी केली आहेत. ४८० ओळींच्या १०८० होतात, म्हणजे ताण सव्वादोन पट. स्थानक पूर्ण दिसतं, यानांच्या हालचालीला वर-खाली जागा मिळते आणि माणसांच्या दृश्यांत तर कपड्यांची वीणसुद्धा ओळखू येते. २०२३च्या डिसेंबरमध्ये याच रिमास्टरचा ब्लू-रे संचही निघाला.

“सगळी संगणकीय दृश्यं पुन्हा का नाही बनवली?” हा प्रश्न दर वेळी येतो. मूळ त्रिमितीय फायलींचा पूर्ण संग्रह शाबूत नाही, म्हणून. पुन्हा बनवायचं म्हणजे प्रत्येक यान, प्रत्येक लढाई शून्यापासून उभी करायची.

आता सेटिंग. इथे हमखास चूक होते. रिमास्टर प्रवाहित पाहा किंवा ब्लू-रेवर, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भाजलेल्या असतात. १९२० रुंदीपैकी मधले १४४० चित्राचे आणि दोन्हीकडचे २४०-२४० काळे. म्हणून टीव्ही १६:९ वरच ठेवायचा. “मालिका ४:३ आहे” म्हणून टीव्ही ४:३ वर टाकलात तर आधीच अरुंद असलेलं चित्र आणखी दाबलं जाईल आणि सगळी माणसं उपाशी दिसतील. ‘झूम’ किंवा ‘वाइड झूम’ लावलंत तर डीव्हीडीवाल्यांनी केलेली कापाकापी तुम्ही घरी नव्याने कराल.

ताळा करायला सोपी खूण आहे. स्थानकाखाली एप्सिलॉन ३ हा ग्रह दिसतो. त्याची पूर्ण कड दिसेल अशा ठिकाणी थांबवा आणि पट्टीने रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी आली पाहिजेत. ४३ इंची टीव्हीवर पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंमी असते. त्यात चित्र ७१ सेंमी आणि कडेला सुमारे १२-१२ सेंमी काळं, असा हिशेब बसला म्हणजे झालं.

शिवाय : शार्पनेस शून्यावर किंवा त्या टीव्हीच्या तटस्थ आकड्यावर आणा. मोशन स्मूदिंग बंद करा. नॉइज रिडक्शनही बंद करा, कारण ते फिल्मचा दाणा पुसायला जातं आणि चेहरे मेणाचे करून ठेवतं. संगणकीय दृश्यांतले दात शार्पनेस वाढवल्याने जास्त टोकदार होतात. लोक नेमकं तेच करतात.

---

शनीची_कडी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर : पायलट ‘द गॅदरिंग’ रिमास्टरच्या दर्जाचा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो जुनाट दिसतोच. त्याच्या पहिल्या अर्ध्या तासावरून मालिकेबद्दल मत बनवू नये.

अवांतर : संगणकीय दृश्यांना हसण्याआधी काळ बघा. फाउंडेशन इमेजिंग या दृश्यपरिणाम कंपनीने सुरुवातीची दृश्यं अमीगा संगणक, व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह यांच्या जोरावर केली. इतर अंतराळमालिका तेव्हा मुख्यतः प्रत्यक्ष प्रतिकृती बांधून त्यांचं चित्रण करत होत्या. ‘द गॅदरिंग’ला १९९३ मध्ये दृश्यपरिणामांसाठी एमी मिळालं. आपल्याकडे ‘कॅप्टन व्योम’ आला १९९८ मध्ये, म्हणजे इकडे बॅबिलॉनचा पाचवा सीझन चालू होता तेव्हा.

---

कालक्रमवादी

क्रमाचं सोपं आहे. कथेतल्या काळानुसार बघा. ‘इन द बिगिनिंग’ हा चित्रपट पृथ्वी आणि मिनबारी या परग्रही वंशाच्या युद्धाचा आहे, म्हणजे सगळ्याच्या आधीचा. तो पहिला, मग पायलट, मग सीझन. युद्ध आधी कळलं की राजदूतांची एकमेकांवरची खुन्नस लगेच समजते.

---

तिसरा_प्रहर

कालक्रमवादी, माफ करा, पण नवीन प्रेक्षकाला द्यायचा हा सर्वांत वाईट सल्ला आहे.

‘इन द बिगिनिंग’ प्रक्षेपित झाला ४ जानेवारी १९९८ रोजी, चार सीझन संपल्यावर. तो लिहिला आहे ते चार सीझन पाहिलेल्या माणसासाठी. मिनबारी युद्ध जिंकत असताना अचानक शरण का गेले, हे कोडं मालिका पहिल्या भागापासून हळूहळू सोडवत नेते. चित्रपट ते दीड तासात टेबलावर मांडून मोकळा होतो. शिवाय गोष्ट ज्या चौकटीत सांगितली आहे, त्या चौकटीतच पुढच्या काळाबद्दल असं काही दिसतं की एका मुख्य पात्राचा सगळा प्रवास आधीच उघडा पडतो. कालक्रम इतिहासाच्या पुस्तकाला ठीक आहे. इथे लेखकाने माहिती कोणत्या वेळी द्यायची तेच तर रचलंय.

धागाकर्त्यासाठी क्रम :

‘द गॅदरिंग’ → सीझन १ ते ४ सलग → ‘इन द बिगिनिंग’ → ‘थर्डस्पेस’ → सीझन ५, भाग १ ते २१ → ‘द रिव्हर ऑफ सोल्स’ → सीझन ५ चा भाग २२.

‘थर्डस्पेस’ची कथा चौथ्या सीझनच्या मध्यात घडते. पण त्या सीझनचा वेग इतका आहे की मध्येच ब्रेक लावून दीड तासाची वेगळी गोष्ट बघणं म्हणजे जेवणाच्या मध्यात उठून बाजारात जाणं. सीझन संपल्यावर बघा, काही बिघडत नाही. खरं तर नाही पाहिला तरी फार बिघडत नाही. ‘रिव्हर ऑफ सोल्स’चंही तेच, फक्त पहिल्या सीझनचा ‘सोल हंटर’ आठवणीत असला पाहिजे.

‘अ कॉल टू आर्म्स’ हा ‘क्रुसेड’ या पुढच्या मालिकेचा पाया आहे. ‘क्रुसेड’ १३ भागांत बंद पडली. शेवट नाही, हे माहीत असेल तरच हात घाला.

पायलटच्या दोन आवृत्त्या आहेत. १९९३ची मूळ आवृत्ती, संगीत स्टुअर्ट कोपलंडचं. आणि १९९८ मध्ये नव्याने संकलित केलेली, संगीत ख्रिस्तोफर फ्रँकेचं. हाच फ्रँके पुढे सगळ्या मालिकेचा संगीतकार. निवड असेल तर १९९८ची घ्या. ती चपळ आहे आणि कानाला मालिकेशी जुळते. मिनबारी राजदूत डेलेनचा चेहरा पायलटमध्ये वेगळा दिसतो, कारण ते पात्र आधी स्त्री की पुरुष हे कळणार नाही असं करायचं ठरलं होतं. ती कल्पना मालिकेत सोडून दिली. त्यामागे काही गूढ आहे असं समजून शोधत बसू नका.

वेळेचा अंदाज : ११० भाग, प्रत्येकी साधारण ४४ मिनिटं, म्हणजे सुमारे ८१ तास. रोज दोन भाग धरले तर ५५ दिवस.

---

कालक्रमवादी

मान्य. दुसऱ्यांदा बघताना माझा क्रम, पहिल्यांदा बघताना तुमचा.

---

डाउन_बिलो

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. लोक इथे मानांकनाच्या याद्या चिकटवतात : “सहापेक्षा कमी गुण असलेले भाग गाळा.” या मालिकेत ते फसतं. मालिकेचा जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की याने पाच वर्षांची गोष्ट आधी योजली होती. ११० पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. तिसरा आणि चौथा सीझन तर पूर्णच्या पूर्ण. त्यामुळे सुमार भागातही एखादी खुंटी ठोकलेली असते आणि दोन वर्षांनी तिच्यावर काहीतरी टांगलं जातं.

भाग ४, ‘इन्फेक्शन’ : तुम्ही अडलात तिथेच बरेच जण अडतात. सीझनमधला सर्वांत आधी चित्रित झालेला भाग हाच, आणि ते दिसतं. रबरी राक्षस, धावपळ, भाषण. पण शेवटची तीन मिनिटं बघाच. एक पत्रकार स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर याला विचारते की अंतराळात राहण्याचा खटाटोप कशासाठी. त्याचं उत्तर सूर्य कधीतरी विझणार इथपासून सुरू होतं आणि ते मालिकेचं घोषवाक्य म्हणून चालेल. सजीव यंत्रं ही कल्पनाही इथे पहिल्यांदा येते. ती विसरू नका.

भाग ५, ‘द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स’ : इथे मालिका श्वास घ्यायला लागते. प्रत्येक वंश आपला धार्मिक सोहळा दाखवतो. माणसांनी काय दाखवायचं, हा प्रश्न उरतो. सिंक्लेअर त्याचं उत्तर भाषण न देता, फक्त माणसांची ओळख करून देत देतो. पहिल्या सीझनमधला सर्वांत देखणा शेवट, माझ्या मते.

भाग ६, ‘माइंड वॉर’ : टेलिपाथांची, म्हणजे मनं वाचणाऱ्यांची संघटना साय कॉर्प्स आणि तिचा माणूस बेस्टर. बेस्टर झालेला वॉल्टर कोएनिग म्हणजे ‘स्टार ट्रेक’चा चेकॉव्ह. त्या गोड नाविकाच्या चेहऱ्यावर इतका थंडपणा येतो की अंगावर काटा यावा.

भाग ८, ‘अँड द स्काय फुल ऑफ स्टार्स’ : गाळलात तर युद्धाचं कोडं पुढे कळणार नाही. डोळ्यांत तेल घालून बघा.

भाग १०, ‘बिलीव्हर्स’ : डेव्हिड जेरॉल्डची पटकथा. आजारी मुलगा, शस्त्रक्रिया केली तर आत्मा निघून जातो असं मानणारे आईवडील, आणि वाचवता येतंय म्हणून तळमळणारा डॉक्टर फ्रँकलिन. मुख्य कथेशी धागा नाही, म्हणून गाळण्याच्या याद्यांत सापडतो. अजिबात गाळू नका. डॉक्टर बरोबर आणि आईवडील चूक असं सोपं उत्तर हा भाग देत नाही, आणि शेवटाला कच खात नाही.

भाग १२, ‘बाय एनी मीन्स नेसेसरी’ : गोदी कामगारांचा संप. अंतराळमालिकेत कामाचे तास, जुनी यंत्रसामग्री आणि मंजूर न झालेलं अंदाजपत्रक! गिरणी संपाबद्दल ऐकत मोठ्या झालेल्या मुंबईकराला यातला प्रत्येक डाव ओळखीचा वाटेल. सिंक्लेअरने काढलेली पळवाट फार कायदेशीर आणि फार समाधान देणारी आहे.

भाग १३, ‘साइन्स अँड पोर्टेन्ट्स’ : इथून मालिका खरी सुरू होते. “तुम्हाला काय हवंय?” हा साधा प्रश्न घेऊन एक हसरा गृहस्थ राजदूतांच्या दारी हिंडतो. कोण काय उत्तर देतं ते कागदावर लिहून ठेवा. खरंच.

भाग १४, ‘टीकेओ’ : झुंजीच्या स्पर्धेचं कथानक कंटाळवाणं. स्थानकावरची अधिकारी इव्हानोव्हा वडिलांचा शोक पाळते, ते उपकथानक मात्र सुंदर. झुंज पुढे ढकला, ते बघा.

भाग १५, ‘ग्रेल’ : गाळलात तरी चालेल. भाग ७, ‘द वॉर प्रेअर’ही नाही पाहिला तर मोठं नुकसान नाही, पण पृथ्वीवरचं राजकारण कोणत्या दिशेला वळतंय त्याची पहिली चाहूल तिथे आहे.

भाग १८-१९ आणि २० : जोडभाग ‘अ व्हॉइस इन द विल्डरनेस’ आणि त्यानंतर ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’. सक्तीचे. विसाव्यातल्या बऱ्याच गोष्टी कळणार नाहीत. कळू नयेत अशीच रचना आहे. उत्तर तिसऱ्या सीझनच्या १६-१७व्या भागात येतं, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी. त्या दोन भागांआधी हा विसावा पुन्हा एकदा बघा, इतकं पक्कं करा.

भाग २१, ‘द क्वालिटी ऑफ मर्सी’ : यादीवाले गाळतात. त्यात एक परग्रही यंत्र आहे. इतकंच सांगतो.

भाग २२, ‘क्रिसालिस’ : हा संपल्यावर दुसरा सीझन लगेच लावू नये, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

---

शनीची_कडी

‘आइज’ आणि ‘लेगसीज’ राहिले. ‘आइज’ हा उजळणीचा भाग आहे : सिंक्लेअरची चौकशी लागते आणि त्या निमित्ताने आधीचे धागे पुन्हा एकत्र येतात. मोठी सुट्टी घेऊन परत येणाऱ्याला सोयीचा.

धागाकर्त्यासाठी एक छोटा रहस्यभेद, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

दुसऱ्या सीझनला स्थानकाचा कमांडर बदलतो. “अभिनय लाकडी होता म्हणून मायकेल ओहेअरला काढलं” असं पसरलेलं आहे, ते खोटं. तो गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होता. ही गोष्ट स्ट्रॅझिन्स्कीने त्याच्या हयातीत गुप्त ठेवली आणि २०१२ मध्ये ओहेअर गेल्यानंतर सांगितली. हे माहीत असताना पहिला सीझन पाहिला की त्याचा तो आखडलेला, सतत काहीतरी आवरून धरणारा सिंक्लेअर निराळाच दिसतो.

---

कोरिऑलिस

चौथा प्रश्न माझ्या वाट्याला आला, बरं झालं.

स्थानकाची लांबी पाच मैल, म्हणजे सुमारे ८ किमी. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी सुचवलेल्या फिरत्या अवकाश-वसाहतीच्या दंडगोलाची, फक्त फार लहान. ओनील यांचा दंडगोल सुमारे ८ किमी व्यासाचा आणि ३२ किमी लांब होता. तो तासाला २८ फेऱ्या मारून पृथ्वीइतकं वजन देतो.

बॅबिलॉनसाठी हिशेबापुरती बाहेरच्या मजल्याची त्रिज्या ४०० मीटर धरू. तिथे पूर्ण पृथ्वीइतकं वजन हवं तर कडेचा वेग म्हणजे ९.८ गुणिले ४०० याचं वर्गमूळ, साधारण ६२.६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी २२५ किमी. एका फेरीला ४० सेकंद, मिनिटाला दीड फेरी. फिरत्या खोलीत माणसाला मळमळ होऊ नये म्हणून मिनिटाला दोन फेऱ्यांच्या आत राहावं असं साधारण मानतात. म्हणजे आकडा बसतो.

आतल्या मजल्यांवर वजन त्रिज्येच्या प्रमाणात घटतं : २०० मीटरवर निम्मं, अक्षावर शून्य. मधून धावणाऱ्या कोअर शटलमध्ये माणसं सुखाने बसलेली दिसतात, तिथे खरं तर पट्टे लागतील. डोकं आणि पाय यांच्यातला फरक मात्र नगण्य : १.८ मीटर उंचीच्या माणसाला ०.४५ टक्के. हीच गोष्ट १० मीटर त्रिज्येच्या यानात केली तर फरक १८ टक्के होतो आणि वाकून बूट बांधताना गरगरायला लागेल.

मालिका दाखवत नाही तो कोरिऑलिस परिणाम, म्हणजे फिरत्या जागेत हालचाल केली की जाणवणारा जास्तीचा जोर. फिरण्याच्या दिशेने सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललात तर वजन जवळजवळ ५ टक्के वाढतं, उलट चाललात तर तितकंच घटतं. ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलोची पिशवी हातात आल्यासारखं वाटेल आणि वळून चालू लागला की पिशवी गायब. झोकालोच्या बाजारात एक तरी हमाल यावर कुरकुरायला हवा होता.

स्टारफ्युरी लढाऊ यानं सोडण्याची पद्धत मला सर्वांत आवडते. स्थानकाच्या कडेला कोब्रा बे आहेत. यान तिथे टांगलेलं असतं. पकड सोडली की ते ताशी २२५ किमीने स्पर्शरेषेत निघून जातं, इंधनाचा थेंब न जाळता. आतून पाहणाऱ्याला ते खाली पडल्यासारखं दिसतं आणि पडद्यावर तसंच दाखवलंय.

स्टारफ्युरीचा इंग्रजी एक्ससारखा आकारही शोभेचा नाही. इंजिनं चार भुजांच्या टोकांना आहेत, वस्तुमान मध्यभागी. भुजा लांब असली की थोड्या जोराने यान पटकन वळतं. म्हणून वैमानिक पुढे सरकत असतानाच यान गर्रकन उलटं करून मागच्यावर गोळ्या झाडू शकतो. वेग बदलत नाही, फक्त तोंड बदलतं. हवेत उडणाऱ्या विमानासारखी वळणं घेणारी अंतराळयानं पाहून विटलेल्यांना हा पहिला प्रसंग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

उणीव एकच ठळक : पोकळीत आवाज. पण मौन लढाई टीव्हीवर कोणी चालवू दिली असती?

पृथ्वीच्या यानांना कृत्रिम गुरुत्वाकर्षण नाही, मिनबारींना आहे, हा भेद मालिका सांभाळते. पृथ्वीच्या ओमेगा विनाशिकेचा मधला भाग फिरतो तो त्यासाठीच.

---

अर्धा_प्रकाशवर्ष

सगळ्यांचे आभार. रिमास्टर शोधतो. चौथा सीझन घाईघाईत उरकला आहे आणि पाचवा बघूच नये, असं वाचलं. खरं का?

---

तिसरा_प्रहर

अर्धं खरं. पहिले चार सीझन पीटीईएन या ज्या वाहिन्यांच्या जाळ्यावर होते ते मोडकळीला आलं होतं आणि पाचवं वर्ष मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून स्ट्रॅझिन्स्कीने मोठी कथानकं चौथ्यातच आवळली. मूळ योजनेत चौथा सीझन ‘इंटरसेक्शन्स इन रिअल टाइम’वर संपायचा होता, तो आता १८वा भाग आहे. त्यापुढच्या तीन भागांची धाप ऐकू येते ती म्हणूनच. तरीही घाईचा फायदाच जास्त झाला असं माझं मत. या सीझनमध्ये एक भाग बघून उठणं अवघड आहे.

मग टीएनटी वाहिनीने पाचवा सीझन घेतला. शेवटचा भाग ‘स्लीपिंग इन लाइट’ चौथ्याबरोबरच चित्रित झाला होता, तो राखून ठेवला आणि चौथ्याच्या शेवटी नवा भाग बनवून लावला. म्हणून पाचव्याच्या शेवटी एक अशी व्यक्ती दिसते जी त्या वर्षभर दिसलेली नसते. चूक नाही ती.

पाचव्याचा पहिला अर्धा भाग ढिला आहे. टेलिपाथांच्या वसाहतीचं कथानक ११व्या भागापर्यंत रेंगाळतं. सीझनची टिपणं एका हॉटेलात सफाईत फेकली गेली, असं स्ट्रॅझिन्स्कीनेच सांगितलं आहे. पण १२व्यापासून सेंटॉरी या वंशाची गोष्ट पकड घेते, आणि १८वा, ‘द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम’, हा त्यांचा राजदूत लोंडो याच्या पाच वर्षांच्या प्रवासाचा हिशेब आहे. पीटर जुरासिक (लोंडो) आणि अँड्रियास कात्सुलास (त्याचा शत्रू, नार्न राजदूत जीकार) यांच्यासाठी ही मालिका बघावी असं म्हणणाऱ्यांत मी आहे. लोंडो सुरुवातीला विदूषक आणि जीकार खलनायक वाटतो. तुमच्या चार भागांत तसंच वाटलं असेल. वाटू द्या.

---

डाउन_बिलो

त्या दोघांचं खरं विनोदी दृश्य तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात आहे : लिफ्टमध्ये अडकलेले शत्रू. कात्सुलासचं हसू बघा.

---

गप्प_वाचक

‘स्टार ट्रेक’च्या ‘डीप स्पेस नाइन’ने बॅबिलॉनची कल्पना चोरली का, त्यावरही कुणीतरी लिहा ना.

---

शनीची_कडी

नको. त्यावर वेगळा धागा काढा आणि सोबत अग्निशमन दल बोलवा.

त्यापेक्षा ही गंमत घ्या. स्ट्रॅझिन्स्की तेव्हा यूजनेट या इंटरनेटवरच्या चर्चागटांत प्रेक्षकांशी रोज बोलायचा, पण कथाकल्पना पाठवू नका अशी सक्त ताकीद होती. तरी एका चाहत्याने चर्चेत एक कल्पना मांडली, ती नेमकी त्याच्या डोक्यातल्या पटकथेशी जुळली. पुढे खटला होऊ नये म्हणून ती पटकथा बाजूला पडली. त्या चाहत्याने रीतसर लेखी हक्क सोडल्यावरच भाग बनला. तो म्हणजे तिसऱ्या सीझनचा चौथा, ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’. पाहुणा कलाकार ब्रॅड डूरिफ. पाच सीझनमधल्या पहिल्या पाचांत धरतो मी तो.

---

अर्धा_प्रकाशवर्ष

शेवटची शंका. ‘द रिव्हर ऑफ सोल्स’ मिळाला नाही तर भाग २१नंतर सरळ २२ बघू का?

---

तिसरा_प्रहर

बघा. मात्र २१ आणि २२ एकाच बैठकीत नको, आणि २२ला श्रेयनामावली सुरू झाली म्हणून रिमोटला हात लावू नका. प्रवाहित पाहत असाल तर ‘पुढचा भाग आपोआप’ हा पर्याय आधीच बंद करा, नाहीतर नावं चालू असतानाच पडदा आकसून कोपऱ्यात भलतीच जाहिरात येते.